हिमालयातील ओक

पानिपत म्हटले की मराठी वाचकाला १७६१ सालची लढाई आठवते, आणि वृक्षच आठवायचा तर त्या रणभूमीची खूण मानला गेलेला आंबा. त्या सपाट प्रदेशात ओक उगवत नाही. आपल्या सह्याद्रीतही तो नाही. परंतु पानिपतच्या पूर्वेने वाहणारी यमुना ज्या पर्वतांतून उतरते, तेथे ओकची अरण्ये आहेत.

सर्व ओक क्वर्कस या एकाच प्रजातीत मोडतात. वाटीसारख्या आवरणात बसलेले एकबीजी फळ ही त्यांची खूण होय. जाती मात्र चारशेहून अधिक आहेत. त्या पानांवरून ओळखू पाहणारा हमखास फसतो. कारण एकाच झाडाची पाने वयाप्रमाणे बदलतात आणि शेजारच्या जातींचा संकरही होतो. म्हणून २०१७ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात परागकणांची ठेवण व आनुवंशिक द्रव्य यांना महत्त्व देऊन दोन उपप्रजाती आणि आठ विभाग मानले गेले. हिमालयातील बांज, तिलोंज व खरसू हे तिन्ही ओक त्यांपैकी एकाच विभागातले आहेत.

भाऊबंद असूनही त्यांनी डोंगर वाटून घेतला आहे. सर्वांत खाली बांज, त्याच्या वर तिलोंज आणि सुमारे अडीच हजार मीटरांपलीकडे खरसू. बांजाच्या पानाची खालची बाजू पांढऱ्या दाट लवेने झाकलेली असते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ती पाण्याचा व्यय रोखते. कोवळ्या खरसूची पाने काटेरी असतात, ती चरणाऱ्या जनावरांना सहजासहजी दाद देत नाहीत.

ओकचे खरे दुबळेपण बीजात आहे. हे बी सुकले की मरते. धान्यासारखे ते साठवून ठेवता येत नाही. खरसूने यावर नामी तोड काढली आहे. त्याची फळे ऐन पावसाळ्यात पिकतात आणि ओल्या जमिनीवर पडताच, कधी तर फांदीवरच, अंकुरतात. बांजाचे बी मात्र हिवाळ्यात गळते. त्याला सावली आणि कुजलेल्या पाचोळ्याचा ओलावा हवा.

चारा व सरपण यांसाठी बांज सतत छाटला जातो. बुंध्यापासून तो पुन्हा फुटतो खरा, पण छाटलेल्या फांद्यांवर फळे धरत नाहीत. उघड्या पडलेल्या उतारावर चीड या पाइन वृक्षाचे पंखधारी बी वाऱ्याबरोबर येऊन रुजते. पुढे चीडच्या वाळक्या सुयांना उन्हाळ्यात आग लागते, आणि तीत बांजाची उरलीसुरली रोपे जळून जातात.