उघड्या पडलेल्या गाळातील कवके

चेन्नईतील पेरुंगुडीच्या कचरा-डेपोचे जुने ढीग उपसून, २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत दाखल झालेल्या पळ्ळिकरणै पाणथळीच्या शेजारची जमीन मोकळी करण्याचे काम पाहिले की मला अमेरिकेतील एल्व्हा नदी आठवते. २०११ ते २०१४ या काळात तेथील दोन धरणे पाडल्यावर दशकानुदशके बुडालेला गाळ उघडा पडला. जिवंत मुळांवाचून ज्यांचा निर्वाह नाही अशी सहजीवी कवके त्यात कोठून असणार? मूलरोमाहूनही सूक्ष्म असे त्यांचे तंतू मातीच्या कणाकणांत शिरून रोपास स्फुरद पुरवितात, मोबदल्यात शर्करा घेतात. म्हणून अशा नव्याने उघड्या झालेल्या जमिनीवर, मग ती पेरुंगुडीची का असेना, नुसते बियाणे पेरून कारभार आटोपू नये. लागवडीच्या खड्ड्यात शेजारच्या जिवंत रानाची मूठभर माती अवश्य घालावी, आणि तीही स्थानिकच, कारण एल्व्हाकाठच्या डग्लस फर वृक्षांची कवके पेरुंगुडीच्या गवताच्या मुळांशी संसार थाटत नाहीत.