महिन्याचा पाऊस मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

दर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला पेपरात एक बातमी ठरलेली असते. ‘गेल्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा इतके टक्के कमी (किंवा जास्त) पाऊस.’ आणि त्यानंतर मला गावाकडून ठरलेला प्रश्न येतो: "तुम्ही लोक हे आकडे काढता कुठून? आमच्याकडं तर टिपूस नाही." मी कोरेगाव भीमाचा. पीएचडीचा विषय पाऊस. त्यामुळे ‘तुम्ही लोक’ मध्ये मीही येतो, हवामान खात्यात नोकरीला नसलो तरी. तर आज हाच प्रश्न घेऊ.

सुरुवात भांड्यापासून. साध्या पर्जन्यमापकात वर एक नरसाळं आणि खाली पाणी साठवणारी बाटली असते. नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच, आणि जवळ झाड-भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडायचं. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर बाटलीतलं २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. हा एक मिलिमीटर दिसायला किरकोळ, पण एक चौरस मीटरवर तो एक लिटर होतो आणि एकरावर चार हजार लिटरच्या वर. बाटलीतलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतून वाचायचं आणि वहीत लिहायचं. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. मापकच बिघडला असेल तर शून्य लिहायचं नाही, जागा कोरी ठेवायची. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पडला की नाही माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी आकडेवारी तपासताना माझा निम्मा वेळ हे शून्य खरं की खोटं, यातच जातो.

आता साडेआठची गंमत बघा. आज सकाळी साडेआठला वाचलेला पाऊस आजच्या तारखेवर लिहितात, पण तो पडलेला असतो काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत. म्हणजे काल संध्याकाळी तुम्ही भिजलात तो पाऊस वहीत आजचा. याचा परिणाम महिन्याच्या टोकाला दिसतो. ३१ मेच्या रात्री पडलेला पाऊस १ जूनच्या खात्यावर जमा होतो आणि ३० सप्टेंबरच्या रात्रीचा ऑक्टोबरमध्ये जातो.

हे फक्त हिशेबापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. महाराष्ट्रात नुकसानीसाठी ‘अतिवृष्टी’ मोजतात ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला का, यावर. समजा पहाटे पाच ते साडेआठ ४० मिलिमीटर पडला आणि साडेआठ ते दुपारी बारा आणखी ४०. सात तासांत ८० मिलिमीटर! शेतातली माती वाहून गेली, बांध फुटला. पण वहीत काय? काल ४०, आज ४०. साडेआठची रेघ मध्ये आल्यामुळे दोन्ही दिवस अतिवृष्टीच्या खाली. (आकडे मी मनाने घेतलेत, पण रेघ खरी आहे.) मंडळांमध्ये आता स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि ती दिवसातून अनेकदा नोंद करतात, त्यामुळे कुठलेही सलग २४ तास धरणं तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. माझ्या मते तसंच व्हायला हवं.

मग प्रश्न येतो, हजारो वह्यांतून देशाचा एक आकडा कसा निघतो? जिल्ह्यातल्या केंद्रांच्या पावसाची साधी सरासरी म्हणजे जिल्ह्याचा पाऊस. जिल्ह्यांवरून हवामान उपविभागाचा काढताना मात्र क्षेत्रफळ धरतात. मोठ्या जिल्ह्याला जास्त वजन, छोट्याला कमी. असे देशात ३६ उपविभाग आहेत. आपल्या राज्याच्या वाट्याला चार: कोकण (यात गोवाही धरतात), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पुणे जिल्हा मध्य महाराष्ट्रात. याच उपविभागात महाबळेश्वरही येतं आणि माण-खटावसुद्धा! यावरूनच ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीइतका पाऊस’ या वाक्याची किंमत काय ते कळेल.

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि शिरूर-दौंडकडे पाचशेच्या आसपास. कोरेगाव भीमापासून लोणावळा सरळ रेषेत सत्तर किलोमीटरही नसेल. समजा एखाद्या जुलैत घाटात ९०० मिलिमीटर, पुणे शहरात १८० आणि शिरूरला ६० पडला. तिन्हींची सरासरी ३८०. हा ३८० मिलिमीटर पाऊस कुठे पडला? कुठेच नाही. पुढच्या वर्षी घाटात ९९० पडला आणि शिरूरला ६० ऐवजी फक्त १५, तर सरासरी उलट वाढते, ३९५ होते. जिल्हा ‘सुधारला’ आणि शिरूरची बाजरी करपली.

आमच्या गावात तर हे नदीत उभं राहून बघता येतं. लोणावळ्याकडचं पाणी घेऊन इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमाशंकरच्या डोंगरातून निघालेली भीमा ते सगळं घेऊन आमच्या पुलाखालून जाते. पावसाळ्यात नदी दुथडी भरलेली आणि वरच्या माळाच्या विहिरी कोरड्या, हे आमच्याकडे कुणालाच नवल नाही. नदीतलं पाणी घाटातल्या पर्जन्यमापकांच्या खात्यावरचं.

आता ‘सरासरीपेक्षा’ हा शब्द. हवामान खातं सरासरी म्हणतं ती पन्नास वर्षांची. सध्या १९७१ ते २०२० हा काळ धरतात, आणि त्यानुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा देशाचा पाऊस ८६८.६ मिलिमीटर, म्हणजे ढोबळ ८७ सेंटिमीटर. त्याआधी १९६१ ते २०१० धरायचे तेव्हा हीच सरासरी ८८ सेंटिमीटर होती. मोजपट्टी दर दहा वर्षांनी थोडी सरकते, त्यामुळे जुन्या बातमीतली टक्केवारी आणि नवीन टक्केवारी शेजारी ठेवताना आधी कुठली सरासरी आहे ते बघावं. जिल्ह्यासाठी किंवा उपविभागासाठी उणे १९ ते अधिक १९ टक्के हे सगळं ‘सरासरीइतकं’ धरतात. उणे २० पासून ५९ पर्यंत तूट, उणे ६० च्या खाली मोठी तूट. आता ज्याच्याकडे मुळातच पाचशे मिलिमीटर येतो त्याला १९ टक्के म्हणजे जवळजवळ शंभर मिलिमीटर. कोकणात तेवढा पाऊस एका दुपारचा असतो. शिरूरच्या जिरायत शेतकऱ्याला मात्र तेवढ्यात एक पीक हाती लागतं किंवा जातं. तरी कागदावर दोघंही ‘सरासरीइतके’.

एवढं समजलं की २०२३ चा ऑगस्ट वाचता येतो. त्या महिन्यात देशात १६२.७ मिलिमीटर पाऊस झाला. अपेक्षा होती २५४.९ ची. वजाबाकी करून भागा, उणे ३६ टक्के येतात. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. प्रशांत महासागरात एल निनो होता आणि पावसाने मोठा खंड दिला. पण त्याच वर्षी जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला होता, सप्टेंबरही तसाच गेला, आणि चार महिन्यांची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के निघाली. चौऱ्याण्णव टक्के! परीक्षेत एवढे मिळाले तर पेढे वाटतात. पण जुलैतला जास्तीचा पाऊस ऑगस्टमध्ये परत मिळत नाही. बाजरी फुलोऱ्यात असताना तीन-चार आठवडे उघडीप पडली की सप्टेंबरचा पाऊस विहिरीला उपयोगी, कणसाला नाही. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुणे जिल्ह्यातले त्यात पाच: शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर. देशाचे ९४ टक्के आणि शिरूर-दौंडचा दुष्काळ, दोन्ही त्याच नोंदवह्यांतून निघालेले. खोटा एकही नाही.

म्हणूनच मी लोकांना सांगतो की महिन्याची बेरीज बघितली तर शेजारी पावसाचे दिवस किती तेही बघा. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. १२० मिलिमीटर बारा दिवसांत पडला तर तो जमिनीत मुरतो. दोन दिवसांत पडला तर ओढ्याने जातो आणि उरलेले अठ्ठावीस दिवस आपण आभाळाकडे बघत बसतो. बेरीज तीच.

तापमानाबद्दल थोडक्यात. दिवसाचं कमाल आणि किमान घ्यायचं, त्यांचा मध्य काढायचा, महिनाभराचे मध्य मिळवून सरासरी. तापमान पावसासारखं गावागणिक बदलत नाही, त्यामुळे कमी केंद्रांतही काम भागतं. पाऊस हाच खरा त्रासदायक प्राणी.

हे सगळं आपल्याकडे सुरू होऊन दीडशे वर्षं झाली. १८६४ ला कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, नंतर १८६६ आणि १८७१ ला पावसाने दगा दिला, आणि १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हे पहिले प्रमुख. १९२८ ला मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात आणि बाहेरच्या चौकाला सिमला ऑफिस चौक. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण वह्या आणि वह्या सांभाळणारी माणसं पुण्यातच राहिली. देशभरच्या नोंदी जमवून, तपासून, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चौकोनांत मांडलेली १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी इथेच तयार होते. माझ्यासारख्यांचं अर्धं संशोधन त्या चौकोनांवर चालतं. त्या चौकात वाहतुकीत अडकलेल्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

राहिली गोष्ट २०२५ च्या मे महिन्याची. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला (नेहमीची तारीख १ जून) आणि २६ मेला मुंबईत (नेहमीची ११ जून). २५ मेच्या सुमारास बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात असा पाऊस झाला की कालवा फुटला, घरांत पाणी शिरलं. देशाचा मेचा आकडा १२६.७ मिलिमीटर, सरासरी ६१.४ ची. दुपटीपेक्षा जास्त, आणि १९०१ पासूनचा सगळ्यात ओला मे.

आता हा पाऊस कुणाच्या खात्यावर? खात्याचा पावसाळा १ जूनला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. मोसमी वारे आधी आले म्हणून तारीख बदलत नाही. त्यामुळे तो सगळा पाऊस ‘उन्हाळी’ हिशेबात गेला. वर्षअखेर मोसमाची नोंद १०८ टक्के झाली, त्यात मेचा थेंबही नाही. खात्याची चूक म्हणावी, तर तसं नाही. दरवर्षी वाऱ्यांच्या तारखेप्रमाणे पावसाळा पुढे-मागे केला तर एका वर्षाची तुलना दुसऱ्याशी करताच येणार नाही. १९०१ पासूनची माळ तुटेल. रेघ एकाच जागी ठेवण्यातच तिचा उपयोग आहे.

शेतकऱ्याची रेघ मात्र वेगळी. त्याच्या हिशेबात २५ मेला रोहिणी लागलं आणि रोहिणीत पाऊस झाला, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात झाली. त्याच पावसाने काढणीला आलेला कांदा शेतात भिजला आणि रान इतकं ओलं राहिलं की वाफसा येईना, पेरणीआधीची मशागत रखडली. खरिपाचं पहिलं नुकसान खरिपाच्या पावसाचा हिशेब उघडण्याआधीच झालं होतं.

माझ्या कामात मी यावर एक साधा उपाय करून बघतोय. महिने बाजूला ठेवायचे आणि वर्षाचे पाच-पाच दिवसांचे ७३ तुकडे करायचे. एकेका तुकड्यात चौकोनागणिक पाऊस किती आणि कोरडे तुकडे सलग किती, एवढंच मोजायचं. मे-जूनच्या सीमेवर यात काहीच तुटत नाही, आणि २०२३ च्या ऑगस्टसारखा खंड बेरजेत लपत नाही. अडचण एकच: शिरूरसारख्या ठिकाणी पाच दिवसांचा नेहमीचा पाऊस इतका थोडा असतो की टक्केवारी काढली तर एका सरीने ती चारशेवर जाते. त्यामुळे टक्के सोडून सरळ मिलिमीटरमध्येच बोलावं लागतं.