आपल्यातला की बाहेरचा? सबनेट मास्कचं काम

ऑफिसातल्या एका संगणकाचा आयपी पत्ता आहे १९२.१६८.१०.७७ आणि त्याखालच्या रकान्यात मास्क आहे २५५.२५५.२५५.१९२. पत्त्याचं काम सगळ्यांना कळतं. मास्क मात्र बहुतेक जण शेजारच्या संगणकावर बघून उतरवून घेतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

आयपीव्ही४ पत्ता म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. वाचायला सोपं जावं म्हणून आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून मध्ये टिंबं दिलेली असतात. डावीकडचे काही बिट नेटवर्क कोणतं ते सांगतात, उरलेले त्यातलं यंत्र कोणतं ते. ही हद्द मास्क ठरवतो: जिथवर १ तिथवर नेटवर्क. १९२ म्हणजे ११००००००. तीन २५५ मधले २४ एक आणि इथले दोन मिळून २६, म्हणून थोडक्यात /२६.

उरले ६ बिट, म्हणजे ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. यंत्रांच्या वाट्याला ६२. आता ७७ कुठे बसतो? ७७ म्हणजे ०१००११०१. पहिले दोन बिट ठेवून बाकीचे शून्य केले की ०१०००००० उरतं, म्हणजे ६४. तेव्हा आपल्या संगणकाचे सोबती ६५ ते १२६.

प्रिंटर आहे १४० वर. संगणक दोन्ही पत्त्यांना आपलाच मास्क लावून बघतो: आपलं ६४, त्याचं १२८. जुळलं नाही, म्हणजे बाहेरचा. मग पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे, समजा ६५ वरच्या राउटरकडे. पॅकेटवरचा आयपी पत्ता प्रिंटरचाच राहतो; इथरनेट फ्रेमवर मात्र राउटरचा मॅक पत्ता पडतो. हे डोक्यात बसलं की राउटिंगचं निम्मं काम झालं.

समजा मास्कमध्ये १९२ च्या जागी ० भरलं गेलं. आता संगणकाला प्रिंटर आपल्यातलाच वाटतो. तो राउटरला विचारतच नाही. एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारायच्या पद्धतीने, ‘१४० कोण?’ अशी हाक मारत बसतो. ती हाक पलीकडच्या सबनेटमध्ये पोचत नाही, आणि राउटर प्रिंटरच्या वतीने उत्तर देत नसेल तर छपाई अडते. इंटरनेट मात्र झकास चालू! म्हणून सगळे प्रिंटरलाच शिव्या घालतात.

राउटरसुद्धा असंच जुळवून बघतो, फक्त त्याच्याकडे तक्ता असतो. त्यात १०.०.०.०/८ ची एक वाट आणि १०.२०.०.०/१६ ची दुसरी असेल, तर १०.२०.५.९ दोन्हींत बसतो. अशा वेळी जास्त बिट जुळणारी, म्हणजे /१६ ची वाट जिंकते. ओळी वर-खाली असल्याने फरक पडत नाही. ०.०.०.०/० मध्ये कुठलाही पत्ता बसतो, म्हणून दुसरं काहीच जुळलं नाही तरच ती वाट. हद्द हवी तिथे आखायची ही मोकळीक १९९३ साली सीआयडीआरने आणली, त्याआधी ए, बी, सी असे ठरीव वर्ग होते. ३०० यंत्रांना सी वर्गाचे २५४ पत्ते अपुरे आणि बी वर्गाचे ६५,५३४ म्हणजे नुसती उधळपट्टी.

तक्ते चुकले तर पॅकेट दोन राउटरांमध्ये येरझारा घालू लागतं. त्यावर उपाय म्हणजे पॅकेटवरचा टीटीएल हा आकडा: प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि बहुधा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट मुद्दाम १, २, ३ असे टीटीएल देऊन याच निरोपांवरून वाटेतले राउटर शोधतं.