गडगडाटी वादळांचे पूर्वानुमान, यूरोपमधील
यूरोप खंडात मुख्यत्वे मे ते सप्टेंबर या काळात उद्भवणाऱ्या तीव्र गडगडाटी वादळांचे संभाव्य क्षेत्र, वेळ आणि त्यांपासून होणारा उपद्रव यांविषयी आगाऊ केलेला अंदाज. विजा व पाऊस घेऊन येणारे प्रत्येक वादळ तीव्र नसते. सामान्यतः २ सेंमी. वा अधिक व्यासाच्या गारा, सेकंदास २५ मी. (ताशी ९० किमी.) वा अधिक वेगाचे झोत, टॉर्नेडो किंवा अल्पावधीत पूर आणणारा पाऊस यांपैकी काही घडल्यास वादळ तीव्र समजले जाते. २४ जुलै २०२३ रोजी ईशान्य इटलीतील अझ्झानो देचिमो येथे सु. १९ सेंमी. व्यासाची गार पडल्याची नोंद झाली. यूरोपमधील नोंदींत ही सर्वांत मोठी होय.

न्यूनदाबाचे क्षेत्र हजारभर किमी. पसरलेले असते व कित्येक दिवस टिकते; त्याच्या हालचालीचे अनुमान बऱ्याच आधी करता येते. याउलट गडगडाटी वादळाचा विस्तार दहा-वीस किमी. आणि आयुष्य एक ते काही तासांचे असते. आदल्या दिवशी ते अस्तित्वातच नसते. त्यामुळे अंदाज वर्तविला जातो तो वादळाचा नव्हे, तर ते निर्माण होण्यास अनुकूल असलेल्या परिस्थितीचा. चुलीवरील आधणाला उकळी साधारण केव्हा फुटेल हे सांगता येते. पहिला बुडबुडा नेमका कोठून उठेल हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

या परिस्थितीचे घटक चार : खालच्या थरांतील भरपूर जलबाष्प, वातावरणाची अस्थिरता, हवेला वर ढकलणारे एखादे कारण (सीमापृष्ठ, डोंगराचा उतार, समुद्रवारा) आणि उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत पडणारा फरक. महाराष्ट्रातील वळवाच्या किंवा बंगालमधील कालबैसाखीच्या मागेही हेच घटक असतात. यूरोपमध्ये ते एकत्र येण्याची रीत तेवढी निराळी आहे. स्पेनचे विस्तीर्ण पठार उन्हाळ्यात तापते. त्यावरील उष्ण व कोरडी हवा, अनेकदा सहारातून आलेल्या हवेसह, दक्षिणेच्या वाऱ्यांबरोबर फ्रान्स, बेल्जियम व ब्रिटनकडे सरकते आणि तेथील दमट, तुलनेने थंड हवेवर झाकणासारखी पसरते. या झाकणामुळे दिवसभर लहान ढग वाढू शकत नाहीत आणि खाली उष्णता व बाष्प साठत राहते. सायंकाळी अटलांटिककडून येणाऱ्या सीमापृष्ठाने झाकण एखाद्या जागी फोडले की, साठलेली ऊर्जा तासाभरात मोकळी होते. ते फुटलेच नाही, तर दिवस निरभ्र जातो व अंदाज चुकतो. ही दोन्ही टोके एक-दोन अंश सेल्सिअसच्या फरकावर अवलंबून असतात, हीच या विषयातील खरी अडचण होय.

अस्थिरतेचे मापन वर चढणाऱ्या हवेला उत्प्लावकतेमुळे मिळणाऱ्या ऊर्जेने करतात. ही ऊर्जा किग्रॅ.ला २,००० जूल असल्यास ऊर्ध्व प्रवाहाचा सैद्धांतिक कमाल वेग सेकंदास ६३ मी. येतो. भोवतालची हवा मिसळल्यामुळे आणि पाणी व गारा यांच्या भारामुळे प्रत्यक्ष वेग पुष्कळ कमी असतो. तथापि मोठ्या गारा तोलून धरण्यास तो पुरेसा असतो. मात्र केवळ ऊर्जेने वादळ दीर्घायुषी होत नाही. वाऱ्यात उंचीनुसार फरक नसेल, तर पाऊस ऊर्ध्व प्रवाहातच कोसळून त्याला विझवितो. जमीन व ६ किमी. उंची यांवरील वाऱ्यांत सेकंदास सु. २० मी. वा अधिक फरक असल्यास पाऊस बाजूला पडतो, ऊर्ध्व प्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो आणि कित्येक तास टिकणारे महाकोशिका वादळ तयार होते. सर्वांत मोठ्या गारा व विध्वंसक टॉर्नेडो बहुधा अशाच वादळांतून उद्‌भवतात.

टॉर्नेडोचे पहिले यशस्वी पूर्वानुमान अमेरिकेत २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर फॉबुश व मिलर या वायुदलातील अधिकाऱ्यांनी केले. यूरोपमध्ये खंडविप्लवाच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध असलेल्या आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९१७ मध्येच या खंडातील टॉर्नेडोंवर ग्रंथ लिहिला होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर हा अभ्यास मागे पडला आणि टॉर्नेडो ही अमेरिकेचीच आपत्ती, असा समज रूढ झाला. प्रत्येक देशाची हवामानसंस्था आपापल्या सीमेपर्यंतच पाहत असे. २००२ मध्ये काही तरुण अभ्यासकांनी स्वयंसेवी वृत्तीने यूरोपियन स्टॉर्म फोरकास्ट एक्सपेरिमेंट हा उपक्रम सुरू करून संपूर्ण खंडाचा नकाशा एकाच निकषावर काढण्यास प्रारंभ केला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या यूरोपियन सिव्हिअर स्टॉर्म्स लॅबोरेटरी या संस्थेने वादळांच्या नोंदींचा सामाईक संग्रह उभारला. असा संग्रह नसेल, तर अंदाज खरा ठरला की खोटा हेही ठरविता येत नाही.

अशा नकाशांत धोका संभाव्यतेने दर्शवितात. एखाद्या ठिकाणाच्या ४० किमी. परिसरात तीव्र वादळाची शक्यता १५% आहे, याचा अर्थ ते होणार नाही असा वाचक करतो; पण एरवीच्या दिवशी हीच शक्यता नगण्य असते. आकड्यांच्या मागे बलूनद्वारे दिवसातून साधारणपणे दोनदा घेतलेली निरीक्षणे, मीटिओसॅट उपग्रहांची चित्रे आणि संगणकीय प्रारूपे असतात. रेडिंग येथे मुख्यालय असलेल्या मध्यमावधी पूर्वानुमान केंद्राची ५१ प्रारूपगणिते किंचित भिन्न आरंभस्थितींपासून केली जातात. ती परस्परांशी जितकी जुळतात तितका अंदाज विश्वसनीय मानतात. वादळातील प्रवाह प्रत्यक्ष गणितात आणण्यासाठी मात्र १ ते ३ किमी. अंतराच्या जाळ्याची प्रारूपे लागतात. फ्रान्समध्ये असे प्रारूप २००८ पासून वापरात आले.

एवढे असूनही १८ ऑगस्ट २०२२ रोजी काय घडले ते लक्षणीय आहे. पश्चिम भूमध्य समुद्राचे पाणी त्या उन्हाळ्यात असाधारण तापलेले होते. तेथे उठलेली वादळांची रांग सकाळी कॉर्सिका बेटावर आदळली. मारिन्याना येथे ताशी २२५ किमी. वेगाचा झोत नोंदला गेला. पुढे ती इटली ओलांडून ऑस्ट्रियापर्यंत गेली. मृत्यू तिन्ही देशांत झाले, कॉर्सिकात पाच. आदल्या दिवशीच्या बहुतेक प्रारूपांत एवढी तीव्रता दिसली नव्हती. समुद्रावर बलूननिरीक्षणे जवळजवळ नसतात, हे त्याचे एक कारण संभवते. कॉर्सिकासाठीचा इशारा वादळ येऊन ठेपल्यावरच पिवळ्यावरून नारिंगी करण्यात आला. याच्या आदल्या वर्षी, २४ जून २०२१ रोजी दक्षिण मोराव्हियात (चेक प्रजासत्ताक) तीव्र वादळांचा इशारा आधीच होता. परंतु हॉडोनीनजवळच्या गावांवरून जाऊन सहा जणांचे बळी घेणाऱ्या टॉर्नेडोचा उल्लेख त्यात नव्हता.

अशा शेवटच्या काही तासांत प्रारूपांपेक्षा रडार, विद्युत्‌पात-नोंदणीचे जाळे आणि उपग्रह यांवरच भिस्त असते. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या नव्या पिढीच्या मीटिओसॅट उपग्रहावर विजा टिपणारे उपकरण असून त्यामुळे समुद्रावरील वाढती वादळेही दिसू शकतात. यातून मिळणारी पूर्वसूचना बहुधा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतची असते. पक्क्या घरातील माणसाला ती पुरते. तंबूंची उन्हाळी शिबिरे, सरोवरातील नावा व उघड्या मैदानावरील संगीतमहोत्सव यांना सहसा पुरत नाही. म्हणून अशा ठिकाणी आदल्या दिवशीच्या १५% शक्यतेवरच माणसे हलविण्याची तयारी ठेवावी लागते.