मळीतून निघालेलं इंधन

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी एकतीस वर्षं केमिस्ट होतो. त्यामुळे उसावर मोटार चालते याचं मला नवल नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, इतकी ही कल्पना जुनी आहे. आपल्याकडेही मध्यंतरी मोगली एरंडाचा बराच गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय तेल देणार म्हणे! झाड जगलं, बिया मात्र भरेनात.

इथेनॉल टिकलं ते मळीमुळे. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक म्हणजे मळी. तिच्यात साखर असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. यीस्ट ती खाऊन मद्यार्क करतं. ऊर्ध्वपातनाने तो ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध होतो. उरलेलं पाणी काढण्याची वेगळी खटपट करावीच लागते, कारण पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की टाकीच्या तळाशी निराळा थर बसतो. शिवाय लिटरभर मद्यार्कामागे दहा-बारा लिटर घाण पाणी निघतं. ते ओढ्यात सोडलं, तर काय होतं हे ओढ्याकाठच्यांना विचारा.

देशात २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, २०२५ मध्ये आपण २० टक्क्यांवर आलो. परकीय चलन वाचलं, कारखान्यांच्या हाती पैसा खेळू लागला. जळताना निघणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, हेही खरं. खत आणि पंपाची वीज मात्र हिशेबात धरायला हवी. ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ या तक्रारीतही तथ्य आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के घट आली.

माझी खरी अडचण पाण्याची आहे. मळी हा उपपदार्थ; पण थेट रसापासून इथेनॉल करायचं म्हटलं की ऊस इंधनासाठीच लावल्यासारखं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडेल म्हणून सरकारने त्यावर निर्बंध घातले, ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. दरम्यान मक्याकडे मोर्चा वळला आणि कोंबडीवाले खाद्याच्या भावाने हैराण झाले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. तेव्हा तिथून जवळच माझा दोन एकर ऊस विहिरीवर हिरवागार उभा होता. शेजारच्या वस्तीवरचा हातपंप कोरडा पडलेला. तिथल्या एक मावशी बांधावर येऊन म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमचा हंडा तुमच्या उसानं पिला.’’ एकतीस वर्षं मद्यार्काचे हिशेब केलेला मी, पण एका हंड्याचा हिशेब मला देता आला नाही. त्या खरिपात एका एकरात तूर पेरली. दुसऱ्यात अजून ऊस आहे, ठिबकवर.