मँचेस्टर : धंदा गेला, इमारती राहिल्या

इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. अहमदाबादला भारताचे मँचेस्टर म्हणत. भिवंडी-मालेगावच्या सभा-समारंभांतही एखादा पाहुणा हे बिरुद आपल्या गावाला देऊन जातो आणि टाळ्या पडतात. पण ज्या शहराचे नाव आपण असे मिरवतो ते आहे तरी कसे? काही वर्षांपूर्वी नातलगांकडे बोल्टनला जाणे झाले, तेव्हा जवळच असलेले हे शहर दोन दिवस पायी फिरून पाहिले. कापडाच्या धंद्यात उभी हयात गेलेल्या माणसाला तिथल्या विटाही काही सांगतात. ते वाचकांपुढे ठेवतो.

मँचेस्टरचा पाया कोळशाने घातला. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला, खाणीतला कोळसा होडीने शहरात येऊ लागला आणि त्याचा भाव निम्म्यावर आला. स्वस्त कोळसा आला, मागोमाग वाफेचे इंजिन आले आणि गिरण्या उभ्या राहिल्या. अँकोट्स भागात कालव्याच्या काठी मरे बंधूंची १७९८ ची सूतगिरणी आजही उभी आहे. लाल विटांची, उंच, लांब आणि रुंदीला कमी. हा आकार शोभेसाठी नव्हता. एकाच इंजिनाच्या जोरावर दांडे आणि पट्टे फिरवून सगळ्या मजल्यांवरची यंत्रे चालवायची होती आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून मध्यापर्यंत उजेड पोचवायचा होता.

गिरणीचा मोठा शत्रू आग. कापसाची धूळ, तेल पिऊन बसलेली लाकडी जमीन आणि त्यात दिव्याची ज्योत. म्हणून ओतीव लोखंडाचे खांब, लोखंडी तुळया आणि त्यांवर विटांच्या कमानी, अशी बांधणी पुढे आली. आज जगभरच्या उंच इमारती ज्या सांगाड्यावर उभ्या राहतात, त्याची सुरुवात अशा गिरण्यांत झाली. विणकामाच्या शेडची गोष्ट वेगळी. ती एकमजली, करवतीच्या दातांसारख्या छपराची, काचा उत्तरेकडे. ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो आणि ताग्यातला दोष लगेच दिसतो. मुंबईच्या जुन्या गिरण्यांची छपरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गिरणीपेक्षा गोदाम मोठे

१८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. तिचे मूळ स्टेशन आणि मालाचे गोदाम दोन्ही शाबूत असून आता तिथे विज्ञान आणि उद्योगाचे संग्रहालय आहे. रेल्वेनंतर शहराचा धंदा हळूहळू बदलला. सूतकताई आसपासच्या ओल्डहॅम, बोल्टनसारख्या गावांत वाढत गेली आणि मँचेस्टर खरेदी-विक्रीची पेठ बनले. आपली भिवंडी आज लूमकडून गोदामांकडे वळते आहे, तसेच काहीसे.

मात्र त्यांची गोदामे पाहून मी थक्क झालो. पोर्टलंड स्ट्रीटवरचे वॉट्स यांचे गोदाम १८५६ मध्ये पुरे झाले. त्या काळी एक लाख पौंड खर्च आला. प्रत्येक मजल्याची घडण निराळ्या शैलीची. परगावचा गिऱ्हाईक पायरी चढतानाच समजे की ही पेढी उद्या पळून जाणारी नाही. व्हिटवर्थ स्ट्रीटवर १९०६ चे इंडिया हाऊस आहे. अशा गोदामांत कापड तपासत, घडी घालत, दाबाच्या यंत्राने गाठी बांधत आणि तिथून माल दर्यापार रवाना होई. रस्त्याकडचे तोंड नक्षीदार, मागची बाजू मात्र लोखंड आणि काचेची, कारण कापड पाहायला उजेड लागतो. दिखावा कुठे करायचा आणि पैसा कुठे वाचवायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या सगळ्याचे हृदय म्हणजे रॉयल एक्स्चेंज. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठा बाजार भरे. १९२० च्या सुमारास सभासद अकरा हजारांच्या घरात होते. १९४० च्या बॉम्बवर्षावात इमारतीचा मोठा भाग पडला, तरी ती पुन्हा उभी केली. १९६८ मध्ये शेवटचा सौदा झाला. त्या दिवसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत. १९७६ पासून त्या दालनात नाट्यगृह आहे. घुमटाच्या आत बायबलमधले एक वचन कोरले आहे. धनदौलतीपेक्षा चांगले नाव निवडावे, असा त्याचा आशय.

ते पाहताना मला आपल्या मुलखाचा कापूस आठवला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस बंद पडला आणि मँचेस्टरला आपल्या मालाची गरज पडली. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. पण आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात भेसळ आणि कचरा. 'सुरत' हे त्या कापसाचे नाव तिथल्या कामगारांत शिवीसारखे झाले. भेसळ रोखायला मुंबई सरकारला १८६३ मध्ये कायदा करावा लागला. युद्ध संपताच गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले आणि १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला. भाव मिळाला होता, नाव कमावले नव्हते.

त्या ऐश्वर्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच गिरण्यांच्या सावलीत कामगार ओलसर तळघरांत राहत. १८१९ मध्ये सेंट पीटर्स मैदानावर हक्क मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले, माणसे मेली. त्याच जागेवर १८५६ मध्ये व्यापाऱ्यांनी फ्री ट्रेड हॉल बांधला. आता तिथे हॉटेल आहे. १८७७ चा टाऊन हॉल मला बाहेरूनच पाहावा लागला, कारण २०१८ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद झाला होता. जॉन रायलंड्स या कापड व्यापाऱ्याच्या विधवेने पतीच्या नावाने ग्रंथालय उभारले. ते १९०० मध्ये लोकांसाठी उघडले. तिथे अरबी-फारसी हस्तलिखितांचा मोठा खजिना आहे. कापडाचा नफा इल्मच्या कामी लागला, त्याचे नाव आजही घेतले जाते.

आपल्यासाठी धडा

१९५९ मध्ये तिथल्या सरकारने भरपाई देऊन जुनी यंत्रे मोडीत काढायला लावली. पुढच्या वीस वर्षांत बहुतेक गिरण्या बंद झाल्या. मग टिकले काय? ज्या इमारती मजबूत होत्या आणि ज्यांना वेळेवर नवा उपयोग सापडला, त्या टिकल्या. मरे बंधूंच्या गिरणीत आज घरे आहेत, वॉट्सच्या गोदामात हॉटेल.

आमच्या वडिलांचा लूमचा कारखाना आम्ही भावांनी विकला. घेणाऱ्याने आठ दिवसांत तो जमीनदोस्त केला. सागवानी वासे भंगाराच्या भावात गेले. पैसा वाटला गेला, संपलाही. आज माझ्या नातवाला दाखवायला एक फोटोसुद्धा नाही. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती.

भिवंडी-मालेगावात अजून जुन्या शेड उभ्या आहेत. सगळ्या वाचवा असे म्हणणार नाही, ज्याचे पोट त्यावर आहे त्यालाच अडचण कळते. पण विकण्याआधी एवढे करा. इमारतीचे फोटो आणि मोजमाप घ्या, जुने दस्त आणि वह्या जपा, छप्पर-खांब मजबूत असतील तर भाड्याने देता येते का ते एकदा बघा. आणि प्रत्येक गावाने एखादा तरी कारखाना चालू मागांसह राखावा. नाहीतर उद्या आपली मुले विचारतील की गावाला मँचेस्टर का म्हणत होते, आणि दाखवायला आपल्याजवळ एक भिंतही नसेल.