जुन्या वूफरला नवा कोन

वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत नाशिकचा ढोल घुमतो, तेव्हा त्याला ना वीज लागते ना वॉट. साऊंडवाल्यांच्या जगात मात्र सगळा हिशेब वॉटमध्ये चालतो. गणपती आणि नवरात्र उरकलं की गोदामात परतलेल्या खोक्यांपैकी दोन-चार वूफर तरी घरघरायला लागलेले असतात. मग मालक विचारात पडतो: भंगारात काढावा, की कोन टाकून पुन्हा उभा करावा?

उत्तर वूफरच्या पाठीमागे असतं. मॅग्नेट आणि धातूची चौकट सहसा दशकानुदशकं टिकते. झिजतात ते कागदी कोन, त्याची कडा, स्पायडर, कॉइल आणि गोंद. म्हणूनच जेबीएलसारखी कंपनी वर्षानुवर्षं कोन आणि कॉइलचे तयार संच विकत आली. जेम्स लॅन्सिंगने 1946 मध्ये ही कंपनी काढली. तिचा सुरुवातीच्या वर्षांतला डी-130 हा 15 इंची स्पीकर चार इंची कॉइलमुळे गाजला. त्या काळातली मॅग्नेट अल्निको या मिश्रधातूची, म्हणजे त्यात कोबाल्ट आलाच. 1978 मध्ये तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, खाणींच्या मुलखात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले भराभर फेराइटकडे वळले. आफ्रिकेतल्या खाणीचा परिणाम असा जगभरच्या स्पीकरच्या खोक्यांपर्यंत पोहोचला. जुना वूफर विकत घेताना हा फरक लक्षात ठेवावा. जोराच्या वापराने अल्निकोची ताकद उतरू शकते. तशी ती उतरली असेल तर मॅग्नेट पुन्हा भारून घ्यावं लागतं, नुसता कोन बदलून जुना दणका परत येत नाही. फेराइटच्या बाबतीत ही भीती फारशी नाही.

तपासणीला सुरुवात हातापासून करावी. वूफर टेबलावर उताणा ठेवायचा, मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून कोन सरळ खाली दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. काहीच ऐकू आलं नाही तर बरं. बारीक खरखर आली तर कॉइल मॅग्नेटमधल्या फटीच्या भिंतीला घासतेय. करपट वास आला तर वेगळं निदान करायला नको. मग मल्टीमीटर लावायचा: 8 ओहमच्या वूफरची कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवते. आकडा फारच कमी आला तर वेढे आपसात चिकटलेत, काहीच आला नाही तर तार तुटली.

कोन टाकणं हे काम कष्टाचं कमी आणि सबुरीचं जास्त. जुना कोन कापून काढल्यावर फटीतला लोखंडी कीस चिकटपट्टीने टिपून घ्यावा लागतो, कारण मॅग्नेट तो फुंकरीने सोडत नाही. नवी कॉइल मधोमध बसावी म्हणून आतून चारी बाजूंनी फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचतात, गोंद पूर्ण वाळू देतात आणि मगच पट्ट्या ओढून काढतात. इथे घाई केली की महिनाभरात खरखर परत.

दर्जा वाढवायचा तर तो उष्णतेच्या बाजूने वाढवावा. एका वॉटला एक मीटरवर 97 डेसिबल देणारा वूफर या धंद्यात चांगला समजला जातो, पण तोही आलेल्या विजेपैकी जेमतेम 3 टक्क्यांचा आवाज करतो. उरलेली सगळी कॉइल तापवण्यात जाते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 200 अंशांनी तापली की रोध पाऊणपटीहून अधिक वाढतो आणि ॲम्प्लिफायरची कळ कितीही पिळली तरी आवाज अडून बसतो. उष्णता सोसणारी कॉइल आणि तसाच गोंद हा खर्च वसूल होणारा असतो. ‘पाचशे वॉटचा करून देतो’ म्हणून जाड, वजनदार कोन चिकटवून घेणं मात्र आतबट्ट्याचं: त्याने 3 डेसिबल गेले, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट मोजावे लागतात.

शिवाय कोन बदलला की खोक्याशी असलेलं नातंही बदलतं. कोणता वूफर किती घनफुटांच्या खोक्यात कसा वाजेल, हे गणिताने आधी सांगता येतं. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी ते 1961 मध्ये मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पूर्णत्वाला नेलं. त्यातला पहिला आकडा, म्हणजे वूफरची स्वतःची कंपनसंख्या, दुकानातही काढता येतो. ॲम्प्लिफायर आणि उघडा वूफर यांच्यामध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर घालायचा, मोबाइलच्या ॲपवरून 100 हर्ट्झपासून खाली सूर उतरवत न्यायचा आणि वूफरच्या टोकांवरचं व्होल्टेज सर्वांत जास्त कुठे होतं ते टिपायचं. जोडीच्या दोन वूफरांत हा आकडा बराच वेगळा आला, तर ते एका खोक्यात घालू नयेत.

एक खोडी जुन्या जेबीएलची. बहुतेक स्पीकरांत लाल टोकाला धन दिलं की कोन बाहेर येतो. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो. नव्या वूफरशेजारी तो तसाच जोडला तर दोघं एकमेकांचा बेस खातात आणि मालक ॲम्प्लिफायरला शिव्या घालतो. दीड व्होल्टच्या सेलने ही परीक्षा क्षणात होते.

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात काम करणाऱ्यांना पावसाळ्याचीही धास्ती. कागदी कोन ओल पितो, प्लायवूड फुगतं आणि खोक्याच्या सांध्यांतून हवा फुसफुसते. दोष मात्र वूफरच्या माथी जातो.

असा दुरुस्त वूफर वापरायचा कुठे? मिरवणुकीत छाती हादरवायला तो कमीच पडेल. जुन्या वूफरांचा कोन फार पुढेमागे हलण्यासाठी बनलेलाच नव्हता. पण व्याख्यान, कीर्तन, सुगम संगीत यांत तो आजही सरस ठरतो. गोदाघाटावर 1922 पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या मोकळ्या पटांगणातल्या कार्यक्रमाला शब्द स्वच्छ पोहोचणं महत्त्वाचं, आणि हलक्या कोनाचा वूफर कमी विजेत तेच करतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे वॉटच्या शर्यतीत पैसा ओतण्यापेक्षा आहे तो वूफर नीट मोजून, योग्य कोन टाकून वापरणं शहाणपणाचं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि कारागिरांना उसंत राहत नाही. ज्यांच्या गोदामात घरघरणारे वूफर पडून आहेत, त्यांनी ते आताच तपासून घ्यावेत आणि कारागिराकडे देताना कॉइलचा ओहमचा आकडा वूफरच्या पाठीवर लिहून द्यावा.